गुडघा, घुमट आणि मी

मित्रांनो, मी एक जुना चमचा आहे. पण मला आमटीत बुडवू नका हं! मी बूट घालायचा चमचा, दोन फूट लांब, अस्सल स्टीलचा. ज्यांना वाकता येत नाही त्यांची टाच मी अलगद बुटात सरकवतो. इंग्लंडमधल्या लेस्टरच्या एका हॉस्पिटलच्या सामानातला मी. माझ्या दांड्यावर चिठ्ठीच आहे : 'काम झाल्यावर परत करा.' गुडघा बदललेल्या माणसाकडे जायचं आणि तो वाकू लागला की परत यायचं, हेच माझं आयुष्य.

आधीच्या घरांत मला दिवसातून दोनदाच काम असे. मग मी डॉक्टर प्रमोदिनीबाईंकडे आलो. मराठी घर! आत येताना बूट काढा, जाताना घाला. मैत्रिणीकडे काढा, देवळात काढा. दिवसातून दहा-दहा वेळा माझा पुकारा व्हायचा. घासून घासून मी चकाकू लागलो आणि खरं सांगतो, फार खूश होतो.

बाईंनी भूलतज्ज्ञ म्हणून उभा जन्म इथल्या हॉस्पिटलात काढला. पण स्वतःच्या ऑपरेशननंतर त्यांना चार पावलं टाकता येईनात, तेव्हा त्या रडल्या. मग डोळे पुसून यजमानांना, कमलाकररावांना, म्हणाल्या, "अहो, फ्लॉरेन्सच्या कॅथीड्रलच्या घुमटाला चारशे त्रेसष्ट पायऱ्या आहेत. लिफ्ट नाही. मी चढणार!"

तेव्हापासून घरातला तेरा पायऱ्यांचा जिना त्या रोज चढू-उतरू लागल्या. वर्षभराने घुमटाचं तिकीट काढलं. सकाळी अकराची वेळ, उशीर झाला तर प्रवेश नाही. एकच तिकीट, कारण कमलाकररावांना उंचीवर चक्कर येते.

बाईंनी मला बॅगेत घातलं तेव्हा ते हसले. "अगं, इटलीत काय हळदीकुंकवाला चाललीयेस, दारोदारी बूट काढायला?"

मित्रांनो, काय ते शहर! दगडी गल्ल्या, पुतळे, घंटा! पहिल्या दिवशी बाई इतक्या भटकल्या की पाय टम्म सुजले. दुसऱ्या दिवशी अकराला पाच कमी असताना आम्ही रांगेत होतो. बाईंनी मान वर करून घुमटाकडे पाहिलं, हात जोडले, पायरीवर टेकल्या आणि चक्क बूट काढले! साठ वर्षांची सवय, दुसरं काय.

"नो, नो, सिन्योरा! शूज ऑन!" पहारेकरी धावला.

"अगं, हे चर्च आहे! अकराचा स्लॉट आहे आपला!" कमलाकरराव गुडघ्यावर बसून बूट कोंबू लागले. सुजलेला पाय आत जाईना. त्यांचंच बोट अडकलं. रांग पुढे सरकली. बाईंचा चेहरा रडवेला झाला. वर्षभराचा जिना पाण्यात जाणार की काय!

"अहो, बॅगेत चमचा आहे!"

मी बाहेर आलो. टाचेमागे शिरलो. एक, दोन... सटक! दुसरा पाय, सटक! रांगेतल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाई आत शिरल्या तेव्हा अकराला एकच मिनिट कमी होतं.

चारशे त्रेसष्ट पायऱ्या मी बॅगेतून मोजल्या. बाई थांबल्या, धापा टाकल्या, पुन्हा चढल्या. वर वारा भणाणत होता. त्यांनी फोन लावला, मला बाहेर काढलं आणि उन्हात उंच धरलं.

"अहो, दिसते का मी?"

"तू नाही दिसत गं... पण काहीतरी चमकतंय! दिसला, चमचा दिसला!" खाली कमलाकरराव नाचत होते म्हणे. मित्रांनो, मला इतका आनंद आयुष्यात कधी झाला नव्हता.

आता बाई वाकून लेस बांधतात. मला ठेवून घ्यायचा मोह त्यांना झाला होता, पण त्यांनी मला धुतलं, पुसलं आणि परत दिलं. माझ्या दांड्याला त्यांनी इंग्रजीत लिहिलेली आणखी एक चिठ्ठी बांधली आहे : 'फ्लॉरेन्सला जाणार असाल तर घुमटाचं तिकीट आधीच काढा. आदल्या दिवशी फार भटकू नका. चर्चसाठी खांदे आणि गुडघे झाका. बाटली न्या, नळावर भरा. कॉफी उभ्याने प्या, स्वस्त पडते. चर्चमध्ये बूट काढू नका. आणि ऑपरेशननंतर पहिल्या दिवशी रडू आलं तर खुशाल रडा. मलाही चार पावलं जमली नव्हती.'

म्हणून सांगतो, मित्रांनो, उसनी वस्तू माळ्यावर टाकू नका, काम झालं की परत करा. मी फळीवर तयार उभा आहे. चला, आता कुणाचा गुडघा?