चाकामागची थरथर

मी चाकामागची चकती बोलतेय. लोक मला ब्रेकची डिस्क म्हणतात. भंगाराच्या ढिगातून बोलतेय, तेव्हा आवाज जरा गंजलेला वाटला तर सांभाळून घ्या. उभा जन्म गरगर फिरण्यात गेला. आत्ता कुठे बूड टेकलंय.

वितळलेलं बीड, म्हणजे ओतीव लोखंड, साच्यात ओतून, कातून कातून मला सपाट केलं आणि एका भल्यामोठ्या एसयूव्हीच्या पुढच्या डाव्या चाकामागे बसवलं. उजवीकडे माझी जुळी बहीण. चाकाबरोबर फिरायचं, आणि ब्रेक दाबला की दोन्ही बाजूंनी पॅड येऊन चिमटा काढतात, तो मुकाट सोसायचा. तापायचं, निवायचं, पुन्हा तापायचं. गाडी वेळेवर थांबली तर कौतुक चालवणाऱ्याचं. आमचं नाव निघतं ते बिघडल्यावरच.

गाडी दादा-वहिनींची. दादा कामावर स्कूटरने जायचे, त्यामुळे गाडी बहुतेक वहिनींच्याच हातात असायची. त्या उशिरा शिकल्या, पण नेटाने शिकल्या. कारण त्यांची आई. टेकडीवरच्या घरात एकटी राहायची आणि तिला कंपवात होता. पाण्याचा पेला तोंडाशी नेईपर्यंत निम्मा अंगावर सांडायचा. दर आठवड्याला वहिनी तिला डॉक्टरांकडे न्यायच्या आणि परत सोडायच्या. चाकामागे बसून मला दिसत काही नव्हतं, पण ऐकू सगळं यायचं, आणि स्टिअरिंगवरचे हातही कळायचे. वहिनींचे हात शांत होते.

मग माझे पॅड धरणाऱ्या कॅलिपरची एक पिन गंजून अडकली. ब्रेकवरून पाय उचलला तरी एक पॅड मला चिकटूनच. उठायचं नाव न घेणाऱ्या पाहुण्यासारखा. दिवसभर घासून घासून मी तापायचे. झिजले, तीही सारखी नाही, कुठे जाड, कुठे पातळ. गावात हळू चालताना ते लपून जायचं. पण टेकडीच्या उतारावर, वेगात ब्रेक लागला की माझ्या अंगाचा कंप थेट स्टिअरिंगपर्यंत जायचा.

पहिल्यांदा झालं तेव्हा वहिनींनी गाडी कडेला घेतली. बराच वेळ इंजिन बंद. मग स्वतःशीच पुटपुटल्या, "आईचंही असंच हातापासून सुरू झालं होतं."

काय सांगू, जीव तुटला माझा. अहो वहिनी, तुमच्या हातांना काही झालेलं नाही, कंबर माझी मोडलीय! पण लोखंडाचं कोण ऐकतं?

त्यांनी कुणाला सांगितलं नाही. गाडी हळू झाली, ब्रेक लांबूनच लागू लागला. शेवटी एके सकाळी म्हणाल्या, "अहो, आईला आता तुम्हीच नेत जा. मला नाही जमत."

"का गं? एवढ्या हौसेने शिकलीस ना?"

"डोळे दुखतात."

त्या दिवशी दादांनी चालवली. वहिनी शेजारी, आई मागे. उतारावर दादांनी ब्रेक दाबला आणि ते ओरडले, "अरे, हे काय! स्टिअरिंग नाचतंय नुसतं!"

मग वहिनींचा बारीक आवाज आला. "तुमचेही हात हलतायत?"

"माझे कशाला हलतील? गाडी हलवतेय त्यांना! कधीपासून आहे हे?"

वहिनींना हुंदका फुटला. "काय झालं गं?" मागून आईने विचारलं.

"काही नाही आई, गाडी बिघडलीय," वहिनी रडता रडता हसत म्हणाल्या. गाडी बिघडल्याचा इतका आनंद झालेलं माणूस मला तरी दुसरं भेटलं नाही.

आईला घरी सोडल्यावर दादांनी वहिनींकडून सगळं वदवून घेतलं. "एवढं एकटीच गिळून बसलीस होय?" म्हणाले, आणि गाडी तिथूनच दुरुस्तीला वळवली.

आधी टायरवाल्याकडे नेलं. त्याने चाकांचं बॅलन्सिंग केलं. चोर सोडून संन्याशाला फाशी! मग गॅरेजच्या वस्तादांकडे. दादा "टायरच असणार" म्हणायला लागले, तर वहिनींनी मध्येच तोडलं. "टायर नाही. नुसती पळते तेव्हा लोण्यासारखी पळते. ब्रेक दाबला की थरथरते. आणि थरथर हातात येते, सीटखाली नाही."

"म्हणजे पुढचे ब्रेक," वस्ताद म्हणाले. "निम्मं काम तुम्हीच केलंत, वहिनी."

चाक उतरलं. काट्याचं मोजयंत्र माझ्या अंगाला टेकवून वस्तादांनी मला सावकाश फिरवलं. काटा पुढे-मागे डुलला. मग जागोजागी जाडी मोजली. अडकलेली पिन ठोकून ठोकून बाहेर आली.

"कातून सपाट नाही का होणार?" दादांनी विचारलं.

"कातायला अंगावर काही उरलंय कुठे? दोन्हीकडच्या बदला. एकच बदलली तर गाडी एका बाजूला ओढेल."

बहिणीचा काही दोष नव्हता, तरी ती माझ्यासोबत उतरली. आमच्या जागेवरचा गंज घासून काढला, नव्या पिनेला ग्रीस लावलं, नव्या डिस्क, नवे पॅड. चाकाचे नट आळीपाळीने समोरासमोरचे, सगळे सारख्याच जोराने आवळले.

"मोकळ्या रस्त्यावर जा," वस्तादांनी बजावलं. "थोडा वेग घ्यायचा, बेताने ब्रेक लावायचा, पण पूर्ण थांबायचं नाही. असं काही वेळा करा. नव्यांची एकमेकांशी ओळख होऊ दे."

दादांनी चावी वहिनींपुढे धरली. त्यांनी घेतली खरी, पण जरा थांबून.

परत आल्या तेव्हा मी गॅरेजच्या कोपऱ्यात पडले होते. दार उघडल्याचा आवाज आला. "काही नाही," वहिनी म्हणाल्या. "अगदी काही नाही!" आणि लगेच, "पुढच्या आठवड्यापासून आईला मीच नेणार."

आईच्या हातांना मात्र कुठलाच वस्ताद नाही. त्या हातांसाठी वहिनी आहेत.

मी आता बहिणीच्या अंगावर रेलून पडलेय. कुणी दाबत नाही, कुणी तापवत नाही. गंज चढतोय, चढू दे. फक्त एक मागणं आहे. कधी कशाचा कंप जाणवला, तर स्वतःलाच दोष देत तो पोटात घेऊन हिंडू नका. शेजारी बसलेल्या माणसाला एवढंच विचारा, "तुलाही जाणवतंय का रे?"

बास. थकले मी. आता जरा पडू द्या मला.