विरी गेलेला ब्लॉग

मी एक जुना ब्लॉग आहे. मित्रांनो, मला ना हात ना पाय, पण मलाही एक जन्मदाती आहे. युसूफ वडगावची उज्ज्वला. केजच्या एका दवाखान्यात ती नावनोंदणीच्या खिडकीवर बसते आणि कविता करते. त्या कवितांसाठीच तिने मला जन्म दिला. चंद्रावर कविता, पारिजातकावर कविता, विरहावर तर विचारूच नका! वाचायला मात्र चिटपाखरूही फिरकेना.

एकदा तिच्या भाकरी चिरू लागल्या. तिने आईला, वत्सलाबाईंना, फोन केला. आईने आधी लेकीची चांगली हजेरी घेतली, मग उपाय सांगितला. उज्ज्वलाला हसू आवरेना. तिने आईचं ते सगळं बोलणं जसंच्या तसं माझ्यावर उतरवलं आणि वर नाव दिलं, 'भाकर चिरती कावून?'

आणि काय सांगू! माझ्याकडे माणसांची रीघ लागली. ऊसतोडीला गेलेल्या बाया, नव्या सुना मोबाईलला तोंडानेच विचारायच्या, "भाकर चिरती कावून?" बाकीचे ब्लॉग सगळे शुद्ध बोलणारे. ते 'का' म्हणणार, त्यांच्यात 'कावून' कुठून असणार? मोबाईल या बायांना सरळ माझ्या दारात आणून सोडायचा. माझी मान ताठ झाली होती.

पण कवितांकडे कुणी वळून पाहीना. त्यातच केजच्या कविसंमेलनात एक कवी म्हणाले, "या, या, भाकरीवाल्या बाई!" सगळे हसले. उज्ज्वलाच्या ते फार जिव्हारी लागलं. घरी येताच तिने आईचं बोलणं पुसलं आणि लिहिलं, 'भाकरी का चिरते? पीठ जुने झाल्यास त्याची विरी, म्हणजे चिकटपणा, जातो. उकळते पाणी वापरावे.' त्यात चूक एकही नव्हती. तरी त्यानंतर माझं दार ओस पडलं.

पुढच्या वर्षी वत्सलाबाई गेल्या. दिवसकार्य उरकल्यावर उज्ज्वला आईचं बोलणं शोधत माझ्याकडे आली. मी काय देणार? आमच्यात पुसलं की पुसलं. ती रडली आणि मला माझीच लाज वाटली.

मग तिला खाली एक न वाचलेला अभिप्राय दिसला. माजलगावकडे ऊसतोडीला आलेल्या कुणा मनिषाचा. "ताई, तुमच्या आईचं बोलनं कावून काढलं? मला माय न्हाई. ते वाचून लई बरं वाटायचं. आता एवढंच ध्यानात हाय, 'पिठाची विरी गेलीय, तुझी न्हाई. रडू नको, पाणी ठेव.'"

उज्ज्वलाने तेवढंच माझ्यावर परत लिहिलं आणि वर जुनंच नाव दिलं, 'भाकर चिरती कावून?' बाकीचं तिला काही केल्या आठवेना.

मित्रांनो, तुमच्या घरात कुणी 'कावून' म्हणत असेल, तर त्याचं 'का' करू नका. आहे तोवर ते तसंच जपा.

उज्ज्वला अजूनही अधूनमधून मोबाईल तोंडाजवळ नेते आणि विचारते, "भाकर चिरती कावून?" मी आईचं तेवढंच बोलणं पुढे करतो.