यादीतला सुटलेला एक

मी चिडका आहे, हे आधीच सांगून टाकतो. आसगावात गणित शिकवायचो, आणि शाळेतल्या पोरांपेक्षा जास्त बोलणी माझ्या बायकोनं, लीलानं खाल्ली. लग्नामुळे तिची बारावी अर्धी राहिली होती. बाहेरून बसली, गणितात दोनदा गेली. तिला मास्तरीण व्हायचं होतं. "आता गेली तं पुस्तकं चुलीत घालीन," असं तिनं ठणकावून सांगितलं होतं.

१९८१चा मार्च. पेपर भंडाऱ्याला. सकाळी आम्ही एस.टी.ची वाट पाहत उभे. मला काय अवदसा आठवली! पाठकोऱ्या कागदावर x³ + 5x − 6 लिहून म्हटलं, "याची परिमेय मुळं काढ."

रीत सोपी. पहिला सहगुणक एक, म्हणून शेवटच्या सहाचे विभाजक अधिक-उणे धरून लिहायचे आणि एकेक घालून पाहायचा. शून्य आलं की मूळ सापडलं. तिनं लिहिलं: ±2, ±3, ±6. सगळे घालून पाहिले. शून्य काही येईना. रडवेली झाली बिचारी.

"अन् एक कुठं गेला? दरवेळी तेच! अक्कल गहाण ठेवली का?" मी भर रस्त्यात ओरडलो.

तिनं कागद माझ्या हातात कोंबला. "मी नाही येत. जा तुमी." आणि घराकडे चालू लागली. लांबून एस.टी.चा धुरळा दिसत होता. धावत तिला गाठलं.

"लीला, एक काहून सुटते तुह्या हातून? सांग तं खरं."

ती थांबली. "माहेरी खळ्यावर धान मीच मोजत होती. पहिल्या पायलीले एक नाही म्हणत, लाभ म्हणतेत. लाभ, दोन, तीन... मोजाले बसली का एक तोंडात येतच नाही जी."

अरे देवा! आमच्याही खळ्यावर तसंच मोजतात की. आणि मी दोन वर्षं या बाईला बावळट म्हणत होतो. मला माझीच लाज वाटली. "चुकलं माझं," मी म्हणालो.

तिनं कागद परत घेतला, गुडघ्यावर धरून एक घालून पाहिला. एक अन् पाच सहा, वजा सहा. शून्य. डोळे पुसून एस.टी.त चढली.

जूनमध्ये निकाल लागला. गणितात छत्तीस! पेढे वाटताना मी जरा फुशारकी मारली, शेवटी शिकवलं कोणी?

"तुमच्या शिकवण्यानं नाही जी," लीला म्हणाली. "त्या दिवशी तुमी 'काहून' म्हणून इचारलं, अन् माह्यं सांगून होईपर्यंत थांबले. त्यानं झाली मी पास."