साबूत टोप

अशी कल्पना करा, मुलांनो, की तुम्ही एका दुकानात उभे आहात आणि तुमच्या दोन हातांत दोन टोप आहेत. सायकल चालवताना डोक्यात घालायचे, पडलं तर डोकं वाचावं म्हणून. शहरातले लोक त्याला हेल्मेट म्हणतात. उजव्या हातातला टोप जड आहे, गुळगुळीत आणि टणक. डाव्या हातातला हलका, आणि आतून इतका मऊ की बोट रुतावं. आता हेही मनात धरा, की तो टोप तुमच्या सख्ख्या भावाच्या डोक्यात जाणार आहे. कोणता घ्याल?

थांबा, घाईने सांगू नका. तुळसाने घाई केली होती.

तुळसा तेव्हा अकरा वर्षांची होती. लाखनीपासून दोन कोसांवर, तळ्याच्या बांधाखाली तिचं गाव. वडील पुंडलिकराव धानाची, म्हणजे भाताची, शेती करायचे, आई निर्मलाबाई घर आणि शेत दोन्ही सांभाळायची, आणि एकोणीस वर्षांचा भाऊ श्रावण जागेपणीचा निम्मा वेळ सायकलवर असायचा. दर सव्वीस जानेवारीला लाखनीहून सायकलची शर्यत निघे. हायवेने वीस किलोमीटर जायचं आणि वीस यायचं. श्रावण दोनदा दुसरा आला होता. दोन्ही वेळा एकाच चाकाच्या अंतराने.

पंच्याऐंशी सालच्या शर्यतीत करडी गावचा एक मुलगा पडला. डोकं रस्त्यावर आपटलं आणि तो अंथरुणाला खिळला. शर्यतीचं काम बघणारे तुलाराम मास्तर, शाळेत कवायत शिकवायचे ते, फार अस्वस्थ झाले. पुढच्या शर्यतीसाठी त्यांनी नियमच केला: डोक्यावर टोप नाही त्याला शर्यत नाही, आणि टोपावर आयएसआयचा शिक्का हवाच.

"म्हंजे आता डोक्यावर भाताचा गंज घालून सायकल चालवाची का गा?" निर्मलाबाई भात वाढताना म्हणाल्या.

"गंज नाही वो माय, टोप," श्रावण म्हणाला. "अन् मी साधा नाही घेणार. मासोळीसारखा पाहिजे मले. समोरून गोल अन् मागे निमुळता. पेपरात फोटो आला होता, तिकडचे शर्यतवाले तसाच घालतात. वारा अडतच नाही, वरून घसरून जाते."

"वाऱ्याले काय समजते तुयं डोकं गोल हाय का निमुळतं?" तुळसाने विचारलं.

"तू सायकलवर बसून तोंड वर कर, मंग समजन कोनाले काय समजते ते. माया अर्धा दम तं वाराच खाते. एका चाकानं हारलो मी, बाई. एका चाकानं!"

पुंडलिकरावांचा हात बियाण्यावर बसलेला होता, म्हणजे गावात तशी ख्यातीच होती. पेरणीच्या आधी ते मोठ्या गंजात मिठाचं पाणी करत आणि त्यात धानाचं बी ओतत. जे दाणे वर तरंगतील ते पोचट. ते काढून कोंबड्यांना टाकायचे. तळाशी बसतील ते भरलेले, ते पेरायचे. चाळीस वर्षांत त्यांची ही परीक्षा कधी खोटी ठरली नव्हती. त्यामुळे त्यांना सवयच लागली होती, कुठलीही वस्तू ते आधी तळहातावर झेलून बघत आणि म्हणत, "भरला हाय," किंवा "पोचट हाय." टरबूज असो, वीट असो, की नव्याने आलेला जावई असो.

दिवाळीनंतर धान कापून झालं आणि पुंडलिकराव, श्रावण आणि तुळसा तिघं भंडाऱ्याला गेले. भैयाजींचं सायकल आणि मोटारसायकलच्या सामानाचं दुकान होतं. भैयाजी बोलका माणूस. त्यांनी काचेच्या कपाटातून दोन टोप काढून समोर ठेवले.

पहिला राखाडी रंगाचा, वाटोळा, स्कूटरवाले घालतात तसा. दुसरा पाहताच श्रावणचे डोळे चमकले. पिवळाधमक, गुळगुळीत, मागे मासोळीच्या शेपटीसारखा निमुळता होत गेलेला. जाड फायबरचा.

"हा नवीनच आला," भैयाजी म्हणाले. "एका कारखानदारानं परदेशी फोटो पाहून बनवला. शर्यतीसाठीच."

"शिक्का हाय का?" पुंडलिकरावांनी विचारलं.

"दोन्हीवर हाय नं, काका. पाहून घ्या."

होता. राखाडी टोपाच्या मागे शिक्क्याच्या वर एक आकडा आणि खाली बारीक अक्षरात आणखी एक लांबलचक आकडा होता. पिवळ्या टोपावर नुसती तीन अक्षरं, चिकटवलेल्या कागदावर. तुळसाने दोन्ही वाचले. एकावर आकडे आहेत आणि एकावर नाहीत, हे तिने पाहिलंही. पण आकड्यांचा अर्थ तिला ठाऊक नव्हता, आणि तिथे कुणालाच नव्हता.

पुंडलिकरावांनी दोन्ही टोप दोन तळहातांवर घेतले. डोळे मिटून खालीवर झेलले. राखाडी टोप त्यांनी लगेच खाली ठेवला.

"पोचट हाय."

"काका, तो हलकाच असते. आतून थर्माकोल हाय त्याच्यात," भैयाजी म्हणाले.

तुळसाने राखाडी टोप उचलला. आतलं कापड एका बाजूने थोडं उघडं होतं. तिने पांढऱ्या थर्माकोलवर अंगठा दाबला. करकर आवाज झाला आणि अंगठ्याएवढा खड्डा पडला.

"बाबा, ह्याच्यात तं अंगठा रुतते!" ती हसून म्हणाली.

"अवो पोरी, माल खराब करतं का माया!" भैयाजी ओरडले.

पुंडलिकरावांनी तो खड्डा पाहिला. "घ्या. जो पोरीच्या अंगठ्यानं दबला, तो दगडाले काय अडवीन?" त्यांनी पिवळ्या टोपावर बोटाच्या पेराने टकटक केलं. दारावर वाजवावं तसा आवाज आला. "हा भरला हाय. हाच द्या."

श्रावणने तिथेच टोप डोक्यात घातला आणि दुकानाच्या आरशात स्वतःला पुन्हापुन्हा पाहिलं. तुळसा म्हणाली, "अगदी वाम मासा दिसतं तू." परत येताना तिघंही खुशीत होते.

पुढचा महिनाभर श्रावण रोज सकाळी हायवेवर सराव करायचा. अड्याळहून त्याचा मामेभाऊ ईश्वर यायचा, दोघं बरोबर निघायचे. ईश्वरकडे टोप नव्हता. "तू पहिला ये, मंग तुयाच टोप मले दे," तो श्रावणला चिडवायचा.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात समोरून एक ट्रक दुसऱ्या ट्रकला मागे टाकत आला. श्रावणने सायकल डांबराच्या कडेखाली उतरवली, चाक खडीत घसरलं, आणि त्याचं डोकं मोरीच्या कठड्यावर आदळलं.

तो लगेच उठला. ईश्वर घाबरून धावत आला, तर श्रावण कपडे झटकत होता. "टोप होता म्हून वाचलो," तो म्हणाला. टोप काढून पाहिला. एक ओरखडा नव्हता. दोघं लाखनीला आले, चहा प्याले. घरी आल्यावर श्रावण म्हणाला, डोकं ठणकून राहिलं. थोडं पडतो म्हणाला. दुपारी त्याला उलटी झाली. संध्याकाळी तुळसा उठवायला गेली तेव्हा तो उठेना.

भंडाऱ्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितलं, डोक्याच्या आत रक्त साकळलंय, ताबडतोब नागपूरला न्या. जीप निघाली. नागपूर यायच्या आधीच श्रावण गेला.

त्यानंतर घरात जो येई तो टोप हातात घेऊन बघे. पिवळाधमक, जसाच्या तसा. "टोप तं साबूत हाय," लोक म्हणत, "मंग पोरगा कसा गेला? वेळच भरली होती म्हना." पुंडलिकरावही तेच म्हणत. म्हणताना टोपावरून हात फिरवत. "टोपात कसर नव्हती. मी पारखून घेतला होता." तेवढं एकच वाक्य ते त्या दिवसांत न रडता बोलू शकत.

तुळसाला मात्र ते कोडं सुटेना. नवव्या दिवशी तुलाराम मास्तर भेटायला आले आणि बराच वेळ टोप उलटासुलटा करून बघत बसले. ते निघाले तशी ती त्यांच्या मागोमाग खळ्यापर्यंत गेली.

"मास्तर, टोप फुटला नाही. मंग दादाचं डोकं आतून काहून फुटलं?"

मास्तर थांबले. सांगावं की नाही, असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मग त्यांनी खळ्याच्या कडेच्या झाडाखालची तणसाची रास दाखवली. धान झोडून उरलेला पेंढा, माणसाच्या दुप्पट उंच.

"त्या झाडावरून तू खळ्यावर उडी मारली, तर काय होईल?"

"पाय मोडन."

"आणि तणसावर मारली तर?"

"काही नाही होत. आम्ही तं रोजच मारतो."

"का नाही होत?"

तुळसाने विचार केला. "तणस दबते."

"बरोबर. मार तणस खातं, म्हणून तुझ्या पायापर्यंत तो पोचत नाही. डोक्यालाही तसंच तणस लागतं, पोरी. दबणारं, चेपणारं. या टोपात हात घालून पाहा, कुठे आहे ते?"

मास्तरांनी टोप बरोबर आणला होता. तुळसाने हात घातला. पातळ कापड, आणि कापडाखाली थेट टणक कवच. बोट कुठेच रुतलं नाही.

"हा वाऱ्यासाठी बनवला आहे, मारासाठी नाही," मास्तर म्हणाले. "मार लागला की चांगला टोप आतून चेपतो, कधी फुटतोही, आणि मग तो फेकून द्यावा लागतो. हा साबूत राहिला, कारण याने सगळा मार आत पाठवला." त्यांनी शिक्क्याच्या कागदाला नख लावलं. तो सालीसारखा निघून आला. "खऱ्या शिक्क्याला वर मानकाचा आकडा असतो, खाली परवान्याचा. मी सगळ्यांना म्हणालो शिक्का पाहा. कसा पाहायचा, ते शिकवलं नाही. मास्तर असून."

"दुकानातल्या राखाडी टोपात माया अंगठा रुतला होता," तुळसा म्हणाली. "मीच दाखवला बाबांले."

"तिथे तीन मोठी माणसं होती, पोरी," मास्तर म्हणाले. "तू अकरा वर्षांची आहेस."

ते खरं होतं. तरी तिला रात्री झोप आली नाही, नंतरही कित्येक रात्री आली नाही.

जाताना मास्तरांनी टोप तिच्या हाती परत दिला. "बाबांना आत्ता काही बोलू नको. तेरवी होऊ दे, मग मी सांगतो. माझं काम आहे ते."

पण तेरवीच्या दिवशी मास्तर नव्हते. आणखी कुणी तसले टोप नेलेत का, ते बघायला ते सकाळीच भंडाऱ्याला भैयाजींच्या दुकानात गेले होते, आणि पंगत बसायची वेळ झाली तरी परतले नव्हते.

अंगणात नातेवाईक जमले होते. पानं मांडून झाली होती. पुंडलिकराव आतून टोप घेऊन आले. तो पुसून लख्ख केला होता, समोर हळदकुंकवाचं बोट लावलेलं होतं.

"ईश्वर, इकडे ये बापा."

ईश्वर मान खाली घालून पुढे आला.

"आठ दिवसांनी शर्यत हाय," पुंडलिकराव म्हणाले. "माया पोराची हौस तू पुरी कर. हा त्याचा टोप. पाहून घ्या सगळ्याइनं, खरचटलंसुद्धा नाही. भरला माल हाय हा."

त्यांनी टोप ईश्वरच्या डोक्यावर ठेवला आणि हनुवटीखालचा पट्टा स्वतःच्या हातांनी लावला. बायका हुंदके देऊ लागल्या. ईश्वर वाकून पाया पडला. मामी, म्हणजे ईश्वरची आई ललिताबाई, पदराने डोळे पुसत मुलाकडे कौतुकाने बघत होत्या.

तुळसा आईजवळ बसली होती. तिने रस्त्याकडे पाहिलं. मास्तर येताना दिसले नाहीत. बोललं, तर बाबांकडे त्या तेरा दिवसांत उरलेलं एकमेव वाक्य ती काढून घेणार होती. मग ते काय म्हणून टोपावरून हात फिरवतील? आणि सगळ्यांना कळेल की हसत हसत अंगठा दाबला तो कुणी. न बोलावं, मास्तर सांगतीलच संध्याकाळी. पण ईश्वरदादा जेवण झालं की निघणार होता. अड्याळपर्यंत सायकलवर, हायवेने, तोच टोप घालून. आणि टोप आहे म्हणून आज तो जोरात चालवणार होता.

"बस नं बाई, पान वाढून राहिले," निर्मलाबाई हळूच म्हणाल्या, कारण तुळसा उभी राहिली होती.

तुळसाने आईचा हात सोडवला. पंगतीच्या मधून ती ईश्वरपर्यंत गेली, टाचा उंचावून त्याच्या हनुवटीखालचा पट्टा काढला, आणि टोप छातीशी धरून बाबांसमोर उभी राहिली. "हा कोनालेच देऊ नका, बाबा," ती म्हणाली, आणि भंडाऱ्याच्या दुकानापासून सुरुवात करून, मध्ये एकदाही न थांबता, तिने सगळं सांगितलं.