दिव्यांची कडी

माझ्या सासूबाई, सखूबाई, दिवेलागणीला गॅलरीत बसायच्या. रस्त्यावर गाडीचा दिवा वळला की म्हणायच्या, "तो बग, सायकल आली."

सायकल माझ्या सासऱ्यांची. जांभूळला पाणीपुरवठ्याच्या कामावर होते ते, तिन्हीसांजेला दिवा लावून शेताच्या बांधावरून घरी यायचे. आता चिखलोलीतल्या त्या शेतावर आमची बिल्डिंग आहे आणि सासरे जाऊन सहा वर्षं झाली. मी आपली मान डोलवायचे. म्हाताऱ्या माणसाशी वाद घालून कुणाचं भलं झालंय?

जन्मभर चुलीपुढे बसून आईंची, म्हणजे सासूबाईंची, छाती गेलेली. दिवसातून तीनदा मशीनने औषधाची वाफ घ्यावी लागे, तोंडावर मास्क लावून. पण मास्क घट्ट बसला की नाकातली चमकी रुतायची. "काढा की ती," मी म्हणायचे. सासरे गेले तेव्हा बायका चमकी उतरवायला आल्या होत्या, आईंनी सगळ्यांना दारातूनच वाटेला लावलं. "त्याने आपल्या हातान घातलेली हाय. मी मेल्याव कारा." शेवटी मीच कंटाळून मास्कचं इलॅस्टिक सैल केलं. माझ्या शहाणपणाचं मला कौतुकसुद्धा वाटलं.

मग महिन्याभरात त्यांना दिव्यांभोवती कडी दिसू लागली. "लाल, पिवला, निला. माहेरी मिठागराव ऊन पराचा ना, तसा." त्या सांगू लागल्या की मी तव्यावरची भाकरी विसरून ऐकत राहायचे. कड्याच्या मधोमध तो पायडल मारताना दिसतो, म्हणायच्या. इतकं सुंदर कुणी माझ्याशी कधी बोललं नव्हतं. डोळा चुरचुरतो, कपाळ ठणकतं, हे मात्र त्यांनी चकार शब्दाने सांगितलं नाही.

एका सकाळी उजवा डोळा लालभडक झाला आणि त्यांना ओकारी आली. माझा नवरा हरेश आनंदनगरच्या कंपनीत ड्यूटीवर होता. मी एकटीच त्यांना रिक्षात घालून उल्हासनगरला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं.

"मास्क ढीला है," वाफ कशी घेतात ते विचारून डॉक्टर म्हणाले. "औषध वर डोळ्यात जातंय, त्यानेच डोळ्याचं प्रेशर चढलंय. दिव्यांभोवती कडी दिसतात ती त्याचीच. असंच चाललं तर नजर जाईल." त्यांनी मास्कऐवजी तोंडात धरायची नळी दिली, पण दात नसल्यामुळे ती आईंच्या ओठांत टिकेना. "मग मास्क घट्टच बसवा. ही चमकी काढावी लागेल."



"नाय काराची," आई म्हणाल्या. "माना दिसतं ता बरा हाय." मग त्यांनीच विचारलं, "डोला गेला तं कडा दिसल?"

"काहीच दिसणार नाही, माताजी."

"तो आला तरी?"

डॉक्टरांच्या आधी मी म्हटलं, "नाही दिसणार, आई."

घरी येऊन त्या आरसा आणि खोबरेल घेऊन बसल्या. चमकीचं मळसूत्र चाळीस वर्षांत फिरलेलं नव्हतं. ते हलेना तेव्हा म्हणाल्या, "तू कार." मी काढली. नाकपुडीवर बारीकसं भोक उघडं पडलं आणि मला रडू फुटलं.

"आई, इलॅस्टिक मीच सैल केलं होतं."

"ठाव हाय. माना बी बरा वाटला तवा," म्हणत त्यांनी चमकी पदराच्या गाठीला बांधली.

औषधाचे थेंब झाले, लेझर झालं, मास्क घट्ट बसू लागला. पंधरा दिवसांनी त्या पुन्हा गॅलरीत बसल्या. वळणावर दिवा आला.

"गारी हाय," त्या म्हणाल्या. मग दुसरा आला. "ही बी गारीच."

तिसऱ्या दिव्यानंतर मला ऐकवेना. "आत चला आई, गारठा पडलाय. छाती भरेल."

"थांब गं जरा," त्या रस्त्यावरची नजर न काढता म्हणाल्या. "आते सायकल आली तं नीट दिसल."