एकाच ओळीतलं शून्य

म्हैसूरला आमची कंपनी इस्पितळांसाठी सिरिंज पंप बनवायची. शिरेतून ठरलेल्या वेगानं औषध सोडणारं यंत्र. त्याचा प्रोग्रॅम अमृतवल्ली अक्कांचा. त्यांनी जादा डोस, वेग आणि वेळ या तीन व्हेरिएबल्सना, म्हणजे आकडे साठवणाऱ्या नावांना, तीन वेगळ्या ओळी दिल्या होत्या. प्रत्येकीपुढे सुरुवातीचा आकडा शून्य.

"अक्का, कित्ता गिरवताय का?" मी म्हणालो. "एका ओळीत बसतं हे."

"बसव बाबा. पण बघून."

मी तिन्ही नावं स्वल्पविरामांनी जोडली आणि शेवटी एकदाच शून्य लिहिलं. माझ्या आधीच्या नोकरीतल्या प्रोग्रॅमच्या भाषेत न लिहिलेला आकडाही शून्यच धरला जायचा. इथे ते शून्य फक्त शेवटच्या नावाला मिळत होतं. पहिल्या दोन नावांत मेमरीत आधीचं पडलेलं काहीही राहायचं. चाचणीत पंप दर वेळी नव्यानं सुरू केला, मेमरी कोरी असायची, म्हणून काहीच दिसलं नाही. अक्कांनी सही केली.

पाच महिन्यांनी हासनच्या एका इस्पितळात सिद्धम्मा नावाची बाई ऑपरेशननंतर दगावली. शेजारच्या खाटेवरचा पंप बंद न करता तिला लावला होता. आधीच्या पेशंटचा जादा डोस त्यात उरला होता, तो तिला गेला. निलंबित झाली नर्स कुसुमा. आकडा चुकीचा टाकला म्हणे.

पंप आमच्याकडे तपासायला आला. अक्कांनी माझी ओळ स्क्रीनवर उघडली आणि त्या एकुलत्या शून्यावर बोट ठेवलं.

आमचे मॅनेजर नंजप्पा सर म्हणाले, "चौकशी नर्सवर थांबतेय. तुम्ही कशाला मध्ये पडताय?"

मी तीन आठवडे गप्प बसलो. लाज वाटते सांगायला. शेवटी अक्काच माझ्या टेबलाशी आल्या. "शशिधर, सही माझी आहे. मी लिहून देतेय. तू?"

आम्ही दोघांनी लिहून दिलं. सुनावणीत सिद्धम्माच्या मुलीनं माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. आमच्या नोकऱ्या गेल्या, पंप परत मागवले गेले, कुसुमावरचा ठपका पुसला गेला.

मी कुसुमाच्या घरी माफी मागायला गेलो. ती दारातच उभी राहिली.

"रोज विचारायचे सगळे, आकडा काय टाकलास," ती म्हणाली. "शेवटी शेवटी मलाच वाटायला लागलं, मीच टाकला. अजूनही वाटतं."

इस्पितळानं तिला परत बोलावलं होतं. ती गेली नाही.