मशिदीतली जोडपायांची खुर्ची

मी एक जुनी लाकडी खुर्ची आहे. माझ्या चारही पायांना खाली लाकडाचे तुकडे जोडले आहेत. मित्रांनो, हसू आले तर खुशाल हसा, पण त्यामागची हकिगत ऐका.

मला एका सुताराने आपल्या दोस्तासाठी घडवले. दोस्त म्हणजे बसचे निवृत्त ड्रायव्हरकाका. क्लच दाबून दाबून त्यांचा डावा गुडघा कामातून गेला होता. पूर्वी ते दिवसातून पाच वेळा मशिदीत नमाजाला जात; आता जाणेच सोडले होते.

"कपाळ जमिनीला टेकत नाही, मग कसली नमाज?" ते म्हणत.

एके दिवशी नमाज पढवणारे इमामसाहेब स्वतः त्यांच्या घरी आले.

"काका, अल्लाह एकच आहे आणि पैगंबर त्याचे प्रेषित, हे मनापासून मानता ना?"

"हे काय विचारणं झालं?"

"मग झालं तर! इस्लाम म्हणजे स्वतःला त्याच्या हवाली करणं. 'सलाम', म्हणजे शांती, हा शब्दही त्याच कुळातला. उभं राहवत नसेल तर बसून पढा, बसवत नसेल तर पडून. हजलासुद्धा ज्याला झेपेल त्यानंच जायचं. तुमच्या गुडघ्याची त्याला खबर नाही का?"

काका नरमले, पण मला पाहून पुन्हा अडून बसले. "रांगेत मालक आणि हमाल खांद्याला खांदा लावून असतात. सगळे जमिनीवर आणि मी एकटा उंचावर? जमणार नाही."

सुतार हट्टाला पेटला. त्याने करवत घेऊन माझे पाय वीतभर कापले. मी कळवळले! काका मशिदीत आले, माझ्यावर टेकलेही. पण नमाज संपल्यावर त्यांना उठताच येईना. शेवटी सुतार आणि इमामसाहेबांनी बगलेत हात घालून त्यांना अक्षरशः उपसून काढले. अख्खी रांग हसली, काका सर्वांत जास्त.

"जोड रे बाबा ते तुकडे," डोळे पुसत ते म्हणाले. "उंच तर उंच!"

पुढची नऊ वर्षे मी रांगेच्या टोकाला मानाने उभी होते. औषधांमुळे काकांना रमजानचे रोजे जमत नसत. त्याऐवजी ते रोज एका गरिबाला जेवू घालत. जकात, म्हणजे आपल्या शिलकीतला गोरगरिबांचा वाटा, द्यायलाही ते कधी चुकले नाहीत.

मग काका वारले आणि माझी रवानगी अडगळीच्या खोलीत झाली. अंगावर रंगाचे डबे चढले, पायांत कोळ्यांनी जाळी विणली. रोज अजान ऐकू येई. वाटे, आपले काम संपले.

गेल्या आठवड्यात इमामसाहेबांची सून बसायला काहीतरी शोधत आली. तिचे दिवस भरत आले होते, वाकवत नव्हते.

"बाबा, ही खुर्ची कुणाची हो?"

"आता तुझी," म्हणत इमामसाहेबांनी स्वतःच्या रुमालाने मला पुसले.

मित्रांनो, एखादी जुनी वस्तू डगमगली तर तिला खिळा मारा, धूळ बसली तर पुसा. आणि चार माणसे जमली की दाराशी कुणी अवघडून उभे आहे का, तेही पाहा. त्यांना बसायला द्या.

मी सध्या बायकांच्या दालनात आहे. परवा पहाटेच्या नमाजाला सूनबाई माझ्यावर बसल्या आणि त्यांच्या पोटातले बाळही.